गावातल्या केबलवर ग्रामपंचायतीचा हक्क किती? रस्त्यापुरताच, पण तोही कुणी वापरत नाही

ग्रामसभेत पाण्याचा आणि घरकुलाचा विषय संपला की मागच्या रांगेतून हमखास कुणीतरी उठतं. "भाऊसाहेब, केबलवाला पैसे वाढवत चाललाय, त्याला ग्रामपंचायतीची एक नोटीस काढा की." ग्रामसेवक सरपंचांकडे बघतात, सरपंच ग्रामसेवकांकडे. शेवटी प्रोसिडिंगमध्ये एक ओळ चढते की केबलचा दर कमी करण्यात यावा, सर्वानुमते मंजूर. दर काही कमी होत नाही. पुढच्या ग्रामसभेत तोच विषय, तीच ओळ.

यात सरपंचांचा आळस कमी आणि कायद्याचा भाग जास्त आहे. केबल टीव्हीचा दर ठरवायचा, कुणाला गावात धंदा करू द्यायचा, कोणतं चॅनल दाखवायचं, यातलं काहीही ग्रामपंचायतीच्या हातात नाही. नगरपंचायत आणि नगरपालिकेच्या हातातही नाही. पण एक गोष्ट आहे. गावच्या रस्त्यावरून, गावच्या जागेतून वायर न्यायची तर त्या जागेच्या मालकाची परवानगी लागते, आणि त्या परवानगीला अटी घालता येतात. नेमका हाच हक्क वापरला जात नाही. बहुतेक गावांत वायर आधी आली, आणि परवानगीचा कागद कधी आलाच नाही.

सुरुवातच कायद्याविना

१९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास परदेशी चॅनल दिसू लागले आणि शहरांत केबलचं पेव फुटलं. तालुक्याच्या गावी त्याआधी व्हीसीआरवर सिनेमे लावून चार-पाच घरांना वायर देणारी पोरं होती, त्यांनीच पुढं गच्चीवर छत्री बसवली. खांब सापडला तिथं बांधला, झाड सापडलं तिथं गुंडाळलं. कुणाला विचारायचं हे ठरलेलंच नव्हतं, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने वटहुकूम काढला आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क (विनियमन) कायदा झाला. तोपर्यंत वायरी घरोघर पोचल्या होत्या.

या कायद्याने ऑपरेटरला नोंदणी सक्तीची केली. नोंदणी कुठं? तर पोस्टात. जिल्ह्याच्या प्रधान डाकघरात अर्ज करायचा, ५०० रुपये भरायचे, वर्षभराचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. ज्या गावात वायर टाकायची त्या गावच्या पंचायतीचा ठराव, नाहरकत, काहीही या नोंदणीला लागत नव्हतं. रेशन दुकानाच्या विषयात ग्रामसभेला विचारतात, दारू दुकानासाठी महिलांचं मतदान होतं, पण घराघरात शिरणाऱ्या वायरीसाठी पोस्टमास्तरांचा शिक्का पुरेसा होता.

आता पोस्टही गेलं. जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलले. स्थानिक केबल ऑपरेटरची नोंदणी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या 'ब्रॉडकास्ट सेवा' या ऑनलाइन पोर्टलवर होते. फी ५,००० रुपये, मुदत ५ वर्षं, आणि नोंदणी सगळ्या देशासाठी चालते. म्हणजे निदान जिल्ह्याच्या गावी जाऊन फाईल बघता येत होती, ती सोयसुद्धा आता दिल्लीच्या पोर्टलवर गेली.

एक गैरसमज इथंच काढायला हवा. "आमच्या गावाचा ठेका अमक्याकडे आहे" असं लोक सहज बोलतात. असा ठेका कायद्यात नाही. एका गावात दोघांनी, चौघांनी केबल द्यायला कायद्याची आडकाठी नाही. एरिया वाटून घेतलेला असतो तो ऑपरेटरांनी आपसात. दुसऱ्याने वायर ओढली की रात्रीतून ती तुटलेली सापडते. ते पोलिसांत जाण्याचं प्रकरण आहे, ठेक्याचं नव्हे.

जिथं नगरपालिकाच मालकीण आहे

असा अधिकार स्थानिक संस्थेकडे असता तर काय झालं असतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथं सुरुवातीपासून रस्ता ज्या शहराचा, केबलचा परवाना त्या शहराचा, अशी रीत पडली. कंपनीने गावात वायर टाकायची तर आधी नगर परिषदेशी करार करायचा. त्याला तिथं फ्रँचायझी म्हणतात. १९८४ मध्ये तिथल्या संसदेने यावर कायदा केला. त्यानुसार शहराला कंपनीच्या त्या भागातल्या केबलच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत फी घेता येते. शिवाय लोकांसाठी, शाळांसाठी आणि नगर परिषदेसाठी चॅनल राखून ठेवायची अट घालता येते. नगर परिषदेची सभा घरबसल्या टीव्हीवर दिसते ती या अटीमुळे.

सगळं गोड होतं असं नाही. शहरं एकाच कंपनीला मक्ता देऊन बसायची, दुसरी येऊच शकायची नाही आणि दर चढायचे. म्हणून १९९२ च्या कायद्याने एकट्यालाच हक्क देण्यावर बंदी आली. पुढं टेलिफोन कंपन्या या धंद्यात उतरल्या, त्यांना गावोगाव करार करत बसायचं नव्हतं. २००५ मध्ये टेक्सास राज्याने हा अधिकार शहरांकडून काढून राज्याकडे घेतला. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाही त्याच वाटेने गेलं. तिथल्या दूरसंचार आयोगाने २०१९ मध्ये, शहरांना मिळणाऱ्या बऱ्याचशा फुकट सेवाही त्या ५ टक्क्यांतच मोजा, असा आदेश काढला आणि शहरं कोर्टात गेली.

तिकडं हक्क होता आणि तो हळूहळू वर ओढला गेला. आपल्याकडे तो खाली आलाच नाही. आपल्या तालुक्याच्या लोकल चॅनलवर सराफाची जाहिरात दिसते, वाढदिवसाच्या शुभेच्छा दिसतात, ग्रामसभा कधी दिसत नाही. ती दाखवा असं सांगण्याचा अधिकारच कुणाला गावात नाही.

पैसा कुठं जातो

महाराष्ट्रात केबलवर करमणूक कर होता. १९२३ च्या जुन्या कायद्याखाली तो जोडणीमागे घेतला जायचा आणि वसुली कलेक्टर कचेरीतल्या करमणूक कर शाखेकडून व्हायची. महापालिकेच्या हद्दीत जास्त, ग्रामीण भागात कमी. इथं मेख अशी होती की जोडण्या किती हे ऑपरेटर सांगेल तेच खरं. गावात ४०० घरांत टीव्ही चालू आणि कागदावर दीडशे, असा प्रकार घडू शकत होता, कारण मोजायला यंत्रच नव्हतं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि केबलच्या बिलावर १८ टक्के कर लागला. तो केंद्र आणि राज्य यांच्यात वाटला जातो. बिलावर कराची ओळ दिसते म्हणून "आम्ही केबलचा कर भरतो, मग ग्रामपंचायत काय करते" असं विचारणारे आहेत. ग्रामपंचायतीच्या खात्यात त्यातला रुपयाही थेट येत नाही.

एक खिडकी मात्र उघडी राहिली आहे आणि तिची चर्चा फारशी कुणी करत नाही. जीएसटीसाठी राज्यघटना दुरुस्त केली तेव्हा राज्यांच्या यादीतली ६२ वी नोंद बदलली. पंचायत, नगरपालिका, प्रादेशिक परिषद किंवा जिल्हा परिषद जो करमणूक कर लावेल आणि वसूल करेल, तेवढा करमणूक कर शिल्लक ठेवला. तमिळनाडूने २०१७ मध्येच स्थानिक संस्थांच्या करमणूक कराचा स्वतंत्र कायदा करून सिनेमाच्या तिकिटांवर तो लावला. पण राज्याने कायद्याने अधिकार दिल्याशिवाय पंचायतीला नुसत्या ठरावावर असा कर लावता येत नाही. आणि लावला तरी तो शेवटी ग्राहकाच्याच बिलात चढणार, हेही धरून चाललं पाहिजे. ऑपरेटरचं कार्यालय किंवा कंट्रोल रूम गावात असेल तर त्या इमारतीची घरपट्टी मात्र इतरांसारखीच लागते. ती लावायला वेगळ्या कायद्याची गरज नाही.

दराचं काय

पूर्वी गावचा ऑपरेटर म्हणजे स्वतःची छत्री, स्वतःची मशिनरी आणि स्वतःचा दर. पुढं सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईसारख्या महानगरांत २०१२ ला आणि खेड्यांत सगळ्यात शेवटी, मार्च २०१७ अखेर. त्यानंतर सिग्नल येतो तो मोठ्या कंपनीकडून, जिला धंद्यात एमएसओ म्हणतात. गावचा ऑपरेटर राहिला तो वायर सांभाळणारा आणि वसुली करणारा. आपसात दुसरा करार नसेल तर ट्रायच्या नमुना करारात मूळ भाड्यातले ५५ टक्के एमएसओला आणि ४५ टक्के ऑपरेटरला अशी वाटणी आहे. ज्याच्याशी गाव भांडतं तो माणूस बऱ्याचदा स्वतःच वरच्याचा मिंधा असतो. ऑपरेटरची बाजू घ्यायची गरज नाही, पण भांडण कुणाशी आहे ते माहीत हवं.

दराची चौकट ट्राय ठरवतं. २०१९ च्या फेब्रुवारीपासून नवी पद्धत आली. १०० चॅनलपर्यंत महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये मूळ भाडं आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैशाचे चॅनल त्यावर वेगळे. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० चॅनल द्यायचं ठरलं. गावात अजूनही हा "१५३ चा नियम" सांगितला जातो. पण जुलै २०२४ मध्ये ट्रायने मूळ भाड्यावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. आता कंपनी आपलं भाडं स्वतः ठरवते, वेगवेगळ्या भागांत वेगवेगळं ठेवू शकते. ते जाहीर करावं लागतं आणि ग्राहकाला कळवावं लागतं, एवढंच. त्यामुळे "सरकारी दर १५३ आहे, तू २५० कसे घेतोस" हा मुद्दा आता टिकत नाही. "तुझ्या कंपनीने जाहीर केलेला दर दाखव आणि बिल दे" हा टिकतो. बिल मागायला लाजू नये. जोडणी पोस्टपेड असेल तर बिल आणि पैसे भरल्याची पावती, प्रीपेड असेल तर भरल्याची नोंद, हा ग्राहकाचा हक्क आहे.

ज्यांना हे सगळं नको त्यांच्यासाठी प्रसारभारतीची डीडी फ्री डिश आहे. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही. खेड्यापाड्यांत केबल सोडून लोक तिकडं गेले ते उगाच नाही.

पंचायतीचा खरा हक्क

२०११ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि ४-ब हे कलम आलं. सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यातल्या जागेवरून, जागेखालून किंवा जागेतून वायर न्यायला आणि खांब रोवायला ऑपरेटर परवानगी मागू शकतो, असं ते सांगतं. सार्वजनिक प्राधिकरणाच्या व्याख्येत स्थानिक स्वराज्य संस्था स्पष्टपणे आहेत, म्हणजे ग्रामपंचायत आली. पुढं असंही आहे की परवानगी देताना खर्चाची भरपाई, कामाची वेळ, कामाची पद्धत अशा वाजवी अटी घालता येतात. आणि परवानगी मिळाली म्हणून ऑपरेटरला त्या जागेवर वापरापलीकडे दुसरा हक्क मिळत नाही.

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५३ मध्येही सार्वजनिक रस्त्यावरचे अडथळे आणि अतिक्रमणं काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. डोक्याला लागेल इतकी खाली लोंबणारी वायर किंवा गल्लीच्या तोंडावर रोवलेला खांब त्यात बसतो.

म्हणून ठराव कसा लिहिला यावर सगळं अवलंबून आहे. "दर कमी करावा" हा ठराव पंचायतीच्या अधिकाराबाहेरचा. "अमक्यालाच परवानगी, दुसऱ्याला नाही" हाही कोर्टात टिकणं अवघड. पण "वायर रस्ता ओलांडते तिथं ट्रॅक्टर-ट्रॉली भरून गेली तरी लागणार नाही इतकी उंच असावी, खोदलेला सिमेंट रस्ता पूर्ववत करून द्यावा, त्यासाठी अनामत भरावी, बंद पडलेल्या जुन्या वायरी काढून न्याव्यात" असा ठराव वाजवी अटींत बसतो. कडब्याची, उसाची ट्रॉली वायरीत अडकून रस्ता बंद पडणं कुठल्या गावाला नवीन आहे?

रस्ता कुणाचा तेही बघावं लागतं. गावठाणातल्या गल्ल्या पंचायतीच्या. गावाला जोडणारे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. ज्याचा रस्ता त्याची परवानगी. ग्रामपंचायतीची एनओसी दाखवून कुणी जिल्हा परिषदेचा रस्ता फोडत असेल तर तो कागद तिथं चालत नाही.

एकच वायर, दोन कायदे

अलीकडे घोळ वाढला तो इंटरनेटमुळे. केबलवाल्याच्या त्याच फायबरमधून आता ब्रॉडबँड येतं. टीव्हीची वायर केबल कायद्यात येते, इंटरनेटची वायर दूरसंचार कायद्यात. दूरसंचारसाठी २०१६ चे मार्गाधिकाराचे नियम होते. परवानाधारक कंपनीने अर्ज केल्यावर ६० दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं, आणि प्रशासकीय खर्च म्हणून किलोमीटरला १,००० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम आले. त्यांचा कलही अर्ज पोर्टलवर, मुदत ठरलेली आणि अडवणूक कमी, असाच आहे.

यात गावाचं नुकसान होतं ते असं. कंपनीचा अर्ज येतो, ग्रामपंचायतीत तो कुणी उघडून बघत नाही, मुदत निघून जाते, आणि रस्ता खोदायला यंत्र आलं की मग गाव गोळा होतं. तोपर्यंत कागदावर कंपनी बरोबर आणि गाव चूक ठरलेलं असतं. उलट बाजूही आहे. ज्याच्याकडे दूरसंचारचा परवाना नाही असा माणूस "इंटरनेटची लाइन आहे, अडवता येणार नाही" म्हणून दम देतो. त्याला पहिला प्रश्न विचारायचा, अर्ज कोणत्या कायद्याखाली आणि परवाना कुणाच्या नावावर?

खांब महावितरणचा

गावात सर्वांत जास्त वायरी बांधलेल्या असतात त्या विजेच्या खांबांवर. ते खांब महावितरणचे. पथदिवे पंचायतीचे असले तरी खांबावर परवानगी द्यायचा हक्क पंचायतीला नाही. परवानगीशिवाय बांधलेली केबल काढून टाकण्याचा महावितरणला पूर्ण अधिकार आहे.

हा विषय जिवाशी आहे. केबलच्या वायरीला आधार म्हणून जोडलेली लोखंडी तार पावसाळ्यात विजेच्या तारेला टेकली की करंट थेट घराच्या पत्र्यापर्यंत किंवा टीव्हीपर्यंत येऊ शकतो. खांबावर चढणाऱ्या वायरमनला गुंडाळ्यांमधून वाट काढावी लागते. सिग्नल पुढं ढकलणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या डब्याला वीज लागते, ती पथदिव्याच्या लाइनवरून आकडा टाकून घेतली असेल तर ती सरळ वीजचोरी आहे आणि तिचं बिल पथदिव्यांच्या नावाखाली गावावर पडतं. पथदिव्यांचं बिल अवाच्या सवा आलं अशी ओरड असलेल्या गावांनी एकदा खांबावरचे डबे मोजून बघायला हरकत नाही.

तक्रार कुणाकडे

लोक तहसीलदारांना निवेदन देतात, फोटो काढतात आणि विषय संपतो. केबल कायद्यात प्राधिकृत अधिकारी म्हणून थेट नाव आहे ते जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस आयुक्त यांचं. सरकार अधिसूचना काढून आणखी अधिकारी नेमू शकतं. नोंदणीशिवाय केबल चालवली किंवा दूरदर्शनचे सक्तीचे चॅनल दाखवले नाहीत तर त्यांना यंत्रसामग्री जप्त करता येते. म्हणून अशा तक्रारीचा अर्ज प्रांत कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. यातल्या शिक्षेत पूर्वी तुरुंगवास होता, तो २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढला आणि दंड, ताकीद असे उपाय ठेवले. जप्तीचा अधिकार तसाच आहे.

चॅनलवर काय दाखवलं जातं याची तक्रार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय सनियंत्रण समिती असते. २००५ च्या केंद्राच्या आदेशाने ती नेमायची आहे आणि तीत पोलीस अधीक्षक, जिल्हा माहिती अधिकारी यांच्याबरोबर महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यांनाही जागा आहे. तिची बैठक शेवटची कधी झाली, हे आपल्या जिल्ह्यात विचारून बघण्यासारखं आहे.

बिल, बंद सिग्नल, न मागितलेले चॅनल यासाठी पहिली तक्रार एमएसओच्या टोल फ्री नंबरवर करायची आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवायचा. तिथं दाद लागली नाही तर कंपनीचा नोडल अधिकारी, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ऑपरेटर आणि एमएसओ यांचं आपसातलं भांडण मात्र दिल्लीच्या टीडीसॅट न्यायाधिकरणाकडे जातं. ते मिटेपर्यंत गावाचा टीव्ही मात्र बंद ठेवला जातो.

सुरुवात नोंदणी प्रमाणपत्रापासून करता येईल. ग्रामपंचायतीने पत्र देऊन गावात वायर असलेल्या प्रत्येकाकडून नोंदणीची प्रत, कोणत्या एमएसओचा सिग्नल आहे ते आणि वायर कुठून कुठं गेली याचा नकाशा मागवावा. २०२५ पूर्वीच्या नोंदण्या पोस्टातल्या आहेत. डाक विभाग केंद्राचा असल्याने १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात प्रधान डाकघराकडेच मागता येतात.